पेशंट मागं आहे

६ मे २०२१ ची गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि बातम्यांमध्ये ऑक्सिजन सोडून दुसरं काही नव्हतं. त्या दिवशी नागपूर विमानतळावरून एक छोटं विमान उडालं, एअर अँब्युलन्स म्हणून. बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० जातीचं, दोन पंख्यांचं. आत रुग्णासह पाच माणसं. उडता उडता त्याचं एक चाक निखळलं आणि खाली राहिलं. सीआयएसएफच्या एका जवानानं ते पडताना पाहिलं आणि कळवलं, म्हणून वर असलेल्या लोकांना समजलं की आपण एक चाक मागे सोडून आलोय.

पुढे ते विमान मुंबईकडे वळवलं गेलं. धावपट्टीवर फेस पसरून ठेवला. रात्री नऊ वाजून गेल्यावर कॅप्टननं उरलेली चाकं बाहेर न काढता विमान सरळ पोटावर उतरवलं. आग लागली नाही, पाचही जण सुखरूप. दोन दिवस बातमी चालली, मग तिसऱ्या दिवशी पुन्हा ऑक्सिजन.

मी मात्र ती बातमी बाजूला काढून ठेवली होती. अपघातांचे चौकशी अहवाल वाचत बसणं हा माझा शनिवारचा आवडता उद्योग आहे. (बायकोच्या मते विकृती. असो.) आमच्या धंद्यात एखादा सर्व्हर झोपला की दुसऱ्या दिवशी 'असं का झालं' याचा कागद लिहावा लागतो, आणि असे कागद कसे लिहावेत हे विमानवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. त्यात कुणाला फाशी द्यायची हे नसतं. पुढच्या वेळी काय बदलायचं हे असतं. निदान चांगल्या अहवालांत तरी.

आता या सगळ्याचा आमच्या गावाशी काय संबंध, ते सांगतो.

आमचं गाव मांडवगण फराटा. तालुका शिरूर, जिल्हा पुणे. 'पुणे जिल्हा' म्हटलं की लोकांना वाटतं, म्हणजे जवळच की. जवळ आहेही आणि नाहीही. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला घोड, मधल्या पट्ट्यात ऊसच ऊस. शेजारी इनामगाव, जिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन करून तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं आणि दफनं शोधून काढली. म्हणजे माणसं इथे फार पूर्वीपासून राहतायत, आणि आजारीही फार पूर्वीपासून पडतायत. दौंड नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये नदी आहे. पुणं रस्त्यानं ऐंशी किलोमीटरच्या आसपास. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, न्हावऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. ताप, बाळंतपण, विंचू यांची सोय होते. पण छातीत कळ आली, डोक्याला मार लागला की 'पुण्याला हलवा'. हे दोन शब्द आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहेत.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा पारावर हाच विषय निघाला. निमित्त कुणाचं तरी हेलिकॉप्टर. आमच्या भागात हेलिकॉप्टर बघितलं नाही असा माणूस सापडणार नाही, कारण निवडणूक आली की ती शेतात उतरतात. आधी पाणी मारून धूळ बसवायची, चुन्यानं गोल काढून मध्ये इंग्रजी एच काढायचा, पोलीस उभे करायचे. माझा चुलतभाऊ म्हणाला, "पुढाऱ्यासाठी अर्ध्या दिवसात हेलिपॅड होतंय, मग पेशंटसाठी का नाही व्हायचं? शाळेच्या मैदानावर कायमचं करून टाकू. दादा, तू कॉम्प्युटरवाला आहेस, जरा बघ ना काय काय लागतं."

कॉम्प्युटरवाल्याला सगळं माहीत असतं हा एक गोड गैरसमज. पण प्रश्न चांगला होता, आणि मी शनिवारी नाहीतरी तेच वाचत असतो.

पहिलीच गोष्ट लक्षात आली ती ही, की ज्याला आपल्याकडे एअर अँब्युलन्स म्हणतात, ती बहुतेक वेळा विमान असतं आणि विमानाला धावपट्टी लागते. म्हणजे रुग्णाचा प्रवास तीन तुकड्यांचा: घर किंवा दवाखाना ते विमानतळ रस्त्यानं, मग आकाशातून, मग उतरल्यावर पुन्हा रस्त्यानं. नागपूर, पाटणा, बागडोगरा अशा ठिकाणच्या माणसाला मुंबई-दिल्ली-हैदराबादला न्यायला हे बरोबर आहे. मांडवगणच्या माणसाला सगळ्यात जवळचं मोठं विमानतळ कुठलं? लोहगाव. आणि लोहगावला पोचलो म्हणजे पुण्यात पोचलोच की! मग विमान कशाला? तेव्हा आमच्या कामाचं असलं तर हेलिकॉप्टरच.

शिवाय सगळे रुग्ण हवेत नेण्यासारखे नसतात, हे मला नवीन होतं. विमानाच्या आत दाब ठेवलेला असतो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. सहा ते आठ हजार फुटांवर डोंगरावर बसल्यासारखा असतो. आठ हजार फुटांच्या दाबाला बंदिस्त हवा साधारण एक तृतीयांशानं फुगते. फुप्फुसाबाहेर छातीत हवा साठलेली असेल, किंवा नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर ही फुगणारी हवा जीव घेऊ शकते. म्हणून आधी नळी घालून ती काढतात, किंवा वैमानिकाला खालून उडायला सांगतात. खालून उडायचं म्हणजे ढगातून, धक्के खात. एकाच्या सोयीत दुसऱ्याची अडचण.

आणि मग २५ मे २०११ ची फरिदाबादची दुर्घटना.

पाटण्याचा वीस वर्षांचा एक मुलगा, काविळीनं अत्यवस्थ. त्याला दिल्लीला हलवायचं ठरलं. दिल्लीहून पिलाटस पीसी-१२ हे एका इंजिनाचं विमान डॉक्टर-नर्स घेऊन पाटण्याला गेलं आणि रात्री मुलाला घेऊन परत निघालं. मे महिन्याची उत्तर भारतातली रात्र म्हणजे आंधी, म्हणजे धुळीची वावटळ आणि वादळी ढग. पावणेअकराच्या सुमारास, दिल्ली समोर असताना, वैमानिकानं कंट्रोलला कळवलं की खराब हवेत शिरलोय. त्यानंतर रडारवर दिसलं की विमान आधी एकदम वर गेलं आणि मग एखाद-दुसऱ्या मिनिटात हजारो फूट खाली आलं. फरिदाबादच्या पर्वतीया कॉलनीतल्या घरांवर ते कोसळलं. विमानातले सातही गेले, आणि खाली घरात असलेल्या तीन बायका.

चौकशी अहवालात कारण म्हणून एकच एक गोष्ट सांगितलेली नाही. हवामान, नियंत्रणं हाताळण्यात झालेली गडबड, आणि वैमानिकाला झालेला दिशाभ्रम. यातलं एखादं किंवा सगळ्यांचं मिश्रण. हा दिशाभ्रम काय असतो ते सांगतो, कारण मला वाटायचं की 'वैमानिकाला कळलं नाही' म्हणजे वैमानिक कच्चा. तसं नसतं. आपल्या कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यात द्रव असतो. मान फिरवली की द्रव हलतो आणि मेंदूला कळतं की आपण फिरलो. पण वळण हळू आणि सलग चालू राहिलं, तर काही सेकंदांत तो द्रवही नळीच्या वेगानं फिरायला लागतो आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ आहोत. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे कानाला दटावतात. अंधार आणि ढग असला की डोळ्यांची साक्ष संपली. मग वैमानिक वळण थांबवतो तेव्हा कान सांगतो की आता तू उलट्या बाजूला वळतोयस! अशा वेळी समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा आणि स्वतःच्या शरीरावर नाही, हे शिकवलेलं असतं. पण वादळात विमान हिंदकळत असताना स्वतःच्या शरीराला खोटं म्हणत राहणं ही सोपी गोष्ट नाही.

पुढे २०१६ च्या मे महिन्यात पुन्हा पाटणा-दिल्ली मार्गावरचंच एक किंग एअर, पुन्हा रुग्ण घेऊन येणारं, इंजिनांनी साथ सोडल्यामुळे दिल्लीबाहेर नजफगढजवळ एका शेतात उतरवावं लागलं. त्यातले सातही जण वाचले. शेत मोकळं होतं.

हे वाचता वाचता मी मागे मागे जात एका बेटावर पोचलो, आणि तिथे अडकलो. बेटाचं नाव आयला. स्पेलिंगमध्ये एस आहे, उच्चारात नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर, अटलांटिकच्या वाऱ्यात. वस्ती जेमतेम तीन हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावाएवढी. (व्हिस्कीसाठी प्रसिद्ध आहे. मित्रांपैकी काहींना बेटाचं नाव सांगावं लागणार नाही.) मोठा दवाखाना ग्लासगोला, आणि मध्ये समुद्र. आमच्याकडे 'पुण्याला हलवा' म्हणतात तसं तिकडे 'ग्लासगोला हलवा' म्हणत असतील.

१४ मे १९३३ ला या आयलावरून एका आजारी कोळ्याला, म्हणजे मासेमारी करणाऱ्या माणसाला, पोटाच्या गंभीर दुखण्यासाठी छोट्या ड्रॅगन विमानातून ग्लासगोजवळच्या रेनफ्रूला नेलं. जिमी ऑरेल नावाचा वैमानिक होता. स्कॉटलंडमधल्या एअर अँब्युलन्सची सुरुवात या उड्डाणापासून धरतात. बोटीनं आणि रस्त्यानं सगळा दिवस खाणारा प्रवास तासाभरात आला. ऑस्ट्रेलियात हे पाच वर्षं आधी, १९२८ मध्ये क्लॉनकरी गावातून, 'फ्लाइंग डॉक्टर' म्हणून सुरू झालं होतं. पण तिकडे डॉक्टर रुग्णाकडे उडत जायचा, इकडे रुग्ण दवाखान्याकडे. आपल्या गावांसाठी यातलं कुठलं बरं, हा वेगळ्या शनिवारचा विषय आहे.

स्कॉटलंडमधली ही सेवा वाढत गेली. पन्नासच्या दशकात ती ब्रिटिश युरोपियन एअरवेज चालवायची, चार इंजिनांच्या छोट्या हेरॉन विमानांनी. विमानांना नामवंत डॉक्टरांची नावं दिलेली होती. सोबत जायला नर्स लागायची. त्या नर्स ग्लासगोच्या सदर्न जनरल हॉस्पिटलमधल्या, आणि सगळ्या स्वयंसेवक. आपली नेहमीची ड्यूटी सांभाळून यादीत नाव द्यायचं आणि बोलावणं आलं की कोट चढवून निघायचं.

२८ सप्टेंबर १९५७ ला असंच एक बोलावणं आलं. आयलावरची रुग्ण आणायची होती. हवा वाईट होती. कॅप्टन कॅल्डरवुड, रेडिओ ऑफिसर मॅकगिन्ली आणि सिस्टर जीन केनेडी असे तिघं हेरॉन घेऊन निघाले. बेटावरच्या विमानतळावर उतरण्याच्या बेतात असताना विमान जमिनीवर आदळलं. तिघंही गेले.

विमानात रुग्ण नव्हती. ती बेटावर वाट बघत होती.

मला इथेच थांबावंसं वाटलं आणि मी खरंच लॅपटॉप मिटून चहा करायला गेलो. फरिदाबादच्या विमानात निदान एक जीव वाचवण्याची धडपड प्रत्यक्ष चालू होती. आईबापांनी, डॉक्टरांनी एक निर्णय घेतला होता. इथे तीन धडधाकट माणसं, कुणाला तरी आणायला, रिकाम्या स्ट्रेचरसकट गेली. पुढे एका हेरॉनचं डॉक्टरचं नाव पुसून त्यावर 'सिस्टर जीन केनेडी' असं नाव लिहिलं गेलं. मला हे आवडलं. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाची कमान उभारतात. इथे तिच्या नावाचं विमान पुढेही पेशंट आणत राहिलं.

आणि ही एकदाच घडलेली गोष्ट नाही. १५ मार्च २००५ ला, त्याच स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, कॅम्बेलटाउनच्या एका दहा वर्षांच्या मुलाला अपेंडिक्सच्या संशयावरून आणायला निघालेलं छोटं आयलंडर विमान अंधारात मॅक्रिहॅनिशजवळ समुद्रात पडलं. वैमानिक आणि पॅरामेडिक दोघेही गेले. याही वेळी मुलगा विमानात नव्हता. कॅम्बेलटाउन ते ग्लासगो रस्ता आहे, लांबचा आहे, तीन-साडेतीन तासांचा. पण आहे.

रिकामं जाणारं विमान का पडतं? मला आधी वाटलं योगायोग असेल. मग अमेरिकेच्या एनटीएसबीचा २००६ चा एक खास अहवाल हाताला लागला. जानेवारी २००२ ते जानेवारी २००५ या तीन वर्षांत तिकडे वैद्यकीय सेवेतल्या हेलिकॉप्टर आणि विमानांचे ५५ अपघात झाले, त्यात ५४ माणसं गेली. या ५५ पैकी ३५ अपघातांत वैद्यकीय कर्मचारी होते पण रुग्ण नव्हता. आणि त्याचं एक कारण चक्क नियमात होतं! रुग्ण आत असेल तर हवामानाचे कडक नियम लागू. रुग्ण नसेल, नुसते नर्स-पॅरामेडिक असतील, तर ते 'प्रवासी' नाहीत, म्हणून सैल नियम. म्हणजे आणायला जाताना ढग थोडा खाली आला तरी चालेल, घेऊन येताना नाही. कागदावर हे कुणाला तरी एकदा बरोबर वाटलं असेल. जीन केनेडीच्या देशात नियम काय होते हे निराळं, पण तिला हा फरक समजावून सांगायची कुणाची छाती झाली असती असं मला वाटत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत हेलिकॉप्टर अँब्युलन्सचे नियम बदलले: वैद्यकीय माणसं आत असतील तर कडक नियमच, मोठ्या कंपन्यांना उड्डाणावर नजर ठेवणारा जमिनीवरचा कंट्रोल रूम सक्तीचा, उडण्याआधी धोक्याचा हिशेब लेखी.

दुसरं कारण माणसाच्या मनात आहे आणि ते नियमानं जात नाही. वैमानिकाला सांगितलं की 'दहा वर्षांचा पोरगा आहे', की तो ढगाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. तोच ढग, तोच पाऊस, पण आता 'नाही' म्हणणं म्हणजे पोराला मारणं असं त्याला वाटतं. यावर बऱ्याच ठिकाणी एक उपाय करतात, जो ऐकताना निर्दयी वाटतो: वैमानिकाला रुग्णाबद्दल काहीच सांगत नाहीत. वय नाही, आजार नाही, बाई की पुरुष नाही. फक्त इथून तिथे, इतकं वजन, जाता येईल का? तो हवामान बघून हो किंवा नाही म्हणतो. शिवाय आतल्या सगळ्यांनी हो म्हटलं तरच उडायचं. एकानं नाही म्हटलं की नाही. नर्सनं म्हटलं तरी. का, असं विचारायचं नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच पटेल. रात्री दोन वाजता सिस्टीम बंद पडलेली असते, फोनवर वीस जण असतात आणि त्यातला एक दर पाच मिनिटांनी सांगत असतो की मिनिटाला किती नुकसान होतंय. ते ऐकून कीबोर्डवर बसलेला पोरगा घाईघाईत जी कमांड मारतो, तिनं उरलेलंही बंद पडतं. म्हणून आम्ही काय करतो, नुकसान सांगणाऱ्यांना एका फोनवर ठेवतो आणि दुरुस्त करणाऱ्याला दुसऱ्या. मध्ये एक माणूस उभा करतो. त्या माणसाचं काम एकच, इकडची काळजी तिकडे जाऊ द्यायची नाही. आमच्याकडे फार तर कुणाचं ऑनलाइन बिल अडकतं, कुणी मरत नाही. तरी घाम फुटतो.

हे सगळं वाचताना मला सारखे आमच्या गल्लीतले जीपवाले तात्या आठवत होते.

२००७ चा जानेवारी. १०८ ची अँब्युलन्स तेव्हा नव्हतीच; ती महाराष्ट्रात आली २६ जानेवारी २०१४ ला, ९३७ गाड्या घेऊन. मी सुट्टीला गावी होतो. रात्री एकच्या सुमारास आण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, छातीत दुखायला लागलं. घाम, डावा हात जड. गावातल्या डॉक्टरांनी गोळी जिभेखाली ठेवली आणि ते दोन शब्द उच्चारले. तात्यांना उठवलं. त्यांनी जीप काढली, मागच्या बाकावर आण्णांना आडवं केलं, उशाशी काकू, पायाशी मी. चुलतभाऊ पुढे.

कारखाने चालू असण्याचे दिवस. ज्यानं तो हंगाम रात्री रस्त्यावर पाहिलाय त्याला सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही. पंक्चर झाली की रस्त्यातच उभी, मागे चार दगड ठेवले की झाली व्यवस्था. त्यात नदीकाठचं धुकं.

काकू मागून सारखं म्हणत होत्या, "तात्या, लवकर हो, यांना घाम फुटलाय... तात्या, डोळे मिटतायत हो." पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्येच तात्यांनी गाडी बाजूला घेतली. उभी केली! मला वाटलं, आता काय. तात्या मागे वळून शांतपणे म्हणाले, "वहिनी, पेशंट मागं आहे, मी पुढं बघतोय. मला त्याचं काही सांगू नका. सांगितलंत तर मी पळवीन, आन् पळवली तर सगळेच जाऊ." मग चुलतभावाला म्हणाले, "तू दुसरं काही करू नको. नुसत्या ट्रॉल्या बघ आन् मला सांग." आणि निघाले. त्यानंतर काकूंनी शब्द काढला नाही. आण्णांचा हात हातात धरून बसल्या.

पारगावच्या अलीकडे चुलतभाऊ ओरडला, "तात्या, ट्रॉली!" धुक्यातून उसाचे शेंडे एकदम समोर आले, काचेला घासायच्या बेतात. गाडी चाळिशीत होती म्हणून थांबली. तात्यांनी एक शिवी हासडली, गाडी मागे घेतली, बाजूनं काढली, आणि परत चाळीस. चौफुल्याला हायवे लागला तेव्हा कुठे साठ. यवत, उरुळी, लोणी, हडपसर. दोन तासांवर वेळ लागला. आण्णा वाचले, पुढे अकरा वर्षं जगले आणि प्रत्येक लग्नात तात्यांना स्वतःच्या शेजारी जेवायला बसवत राहिले.

तात्यांनी हळू चालवली म्हणून आण्णा वाचले असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणाला तीच वीस मिनिटं नडली असती. मुद्दा एवढाच की तात्यांनी कुठला अहवाल वाचलेला नव्हता. चाळीस वर्षं लोकांचे पेशंट नेऊन त्यांना हे आपोआप कळलेलं होतं.

तर चुलतभावाला मी फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, चुन्याचा एच काढणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. शाळेच्या मैदानाच्या दोन बाजूंना विजेच्या तारा आहेत. अंधारात तारा दिसत नाहीत आणि हेलिकॉप्टरला त्याच खातात. पाते फिरले की धुळीचा लोट उठतो आणि वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते, म्हणून पुढाऱ्यांसाठी पाणी मारतात; रात्री दोनला पाणी कोण मारणार? हिवाळ्यात पहाटे भीमेचं धुकं. म्हणजे ज्या वेळी आण्णांना नेलं, नेमक्या त्या वेळी ते आलंच नसतं, आणि यायलाही नको होतं. दिवसा, उघड्या हवेत मात्र पुण्याहून वीस-पंचवीस मिनिटांत पोचेल. अपघातातला तरुण पोरगा, अडलेली बाळंतीण अशांसाठी त्याचा नक्की उपयोग आहे. तेव्हा मागणी सोडू नका. फक्त अर्जात लिहा की तारा जमिनीखालून घ्या, आणि यायचं की नाही हे गावातलं कुणीही फोन करून वैमानिकाला ठरवायला लावणार नाही. सरपंच नाही, आमदार नाही.

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "शेवटचं लई अवघड आहे दादा. आमदाराचा फोन कोण थांबवणार?"

"तात्यांसारखा माणूस बसवा कंट्रोल रूममध्ये."

"तात्या आता गाडी चालवत नाहीत. मोतीबिंदू." मग म्हणाला, "तारांचा अर्ज करतो मी, त्याला आपलं काही जात नाही."

अर्ज दिलाय, पोच घेतलीय, अजून कुणी बघायला आलेलं नाही. मधल्या काळात त्यानं स्वतःच्या दोन्ही ट्रॉल्यांना मागून लाल रेडियमच्या पट्ट्या मारून घेतल्या, वर उसाच्या मोळ्या बाहेर आल्या तरी दिसतील अशा खाली, चाकाच्या उंचीला. खर्च किती आला विचारलं तर सांगत नाही. शेजारच्या वस्तीवरच्या दोघांनी त्याच्याकडून उरलेला रोल मागून नेलाय, आणि मला आता पुण्याहून येताना आणखी चार रोल आणायला सांगितलेत.